कंदाहारच्या फायली माहिती अधिकारात मागताना अर्ज कुठे अडतो

इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण करून अफगाणिस्तानातल्या कंदाहारला नेलं गेलं. त्याला २० वर्षं उलटली, आता तालिबानशी काय बोलणी झाली ते सरकारला सांगावंच लागेल, अशी अनेकांची समजूत असते. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) अर्धंच वाचल्याचा हा परिणाम. २० वर्षांनंतर माहिती नाकारण्याचे बहुतेक अपवाद गळतात, पण तीन उरतात: देशाची सुरक्षा व परराष्ट्र संबंध, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. कंदाहारचं जवळजवळ सगळं पहिल्यात आणि तिसऱ्यात बसवता येतं, आणि अधिकारी तसं बसवतातच.

तरी वाट आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत साहित्य खुलं करावं, असं कलम ८(१) मध्येच म्हटलंय. मात्र बाकीचे अपवाद तिथेही लागू राहतात. अर्जात हे लिहा. शिवाय कलम १० चा हवाला देऊन, गोपनीय भाग झाकून उरलेलं द्या, असंही मागा.

पात्रता सोपी: भारतीय नागरिक. परदेशी राहणारे नागरिकही चालतात, ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) नाहीत. ओळखपत्र किंवा कारण लागत नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की शुल्क माफ.

आपल्याकडची माणसं अडकतात ती अर्जाच्या १० रुपये शुल्कात! कलेक्टर कचेरीत चालणारा कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या नियमांत नाही. पोस्टल ऑर्डर जोडा, नाहीतर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. दीडशे शब्दांची अटही महाराष्ट्राची, केंद्राची मर्यादा ५०० शब्दांची.

अर्ज कुणाकडे? वाटाघाटी आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह यांचा कंदाहार दौरा यासाठी परराष्ट्र मंत्रालय. अपहरण हाताळणाऱ्या आपत्कालीन व्यवस्थापन गटाच्या (क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप) बैठकांसाठी मंत्रिमंडळ सचिवालय. रॉ व आयबी या गुप्तचर संस्था आणि एनएसजी हे कमांडो दल यांना कायद्यातूनच सूट आहे, तिथे पोस्टाचा खर्च करू नका. इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि जानेवारी २०२२ पासून एअर इंडिया टाटांकडे आहे. खासगी कंपनीकडे हा अर्ज करता येत नाही. विमानाबद्दलचं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे मागा. अर्ज चुकीच्या सरकारी कार्यालयात गेला तर पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

अपहृत विमान वाटेत अमृतसरला उतरलं होतं, पण 'अमृतसरहून विमान का जाऊ दिलं?' असं विचारू नका. कारणमीमांसा करायला अधिकारी बांधील नाही, आणि तेवढ्या एका ओळीवर तो अर्ज निकाली काढतो. त्याऐवजी '२४ ते ३१ डिसेंबर १९९९ दरम्यानच्या बैठकांची इतिवृत्तं व फाइलवरील टिपण्या यांच्या प्रती' असं लिहा. फाइल क्रमांक कुणाकडेच नसतो, म्हणून त्या काळातल्या फायलींची यादीही मागून ठेवा. यादी हाती आली की पुढचा अर्ज नेमका होतो.

३० दिवस उत्तर आलं नाही तर तो नकारच. लोक मात्र 'येईल, येईल' म्हणत बसतात आणि त्यापुढचे अपिलाचे ३० दिवसही घालवतात. केंद्राकडे पहिल्या अपिलाला शुल्क नाही. तिथेही नकार मिळाला तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायचं.