कॉपीराइट आणि ट्रेडमार्क : पुण्यातील निर्माते व व्यावसायिकांच्या संदर्भात

कॉपीराइट, म्हणजेच प्रताधिकार, हा लिहिलेल्या, काढलेल्या, गायलेल्या किंवा चित्रित केलेल्या कृतीच्या प्रती काढण्याचा, ती लोकांपुढे सादर करण्याचा आणि तिचे भाषांतर किंवा रूपांतर करण्याचा हक्क आहे. ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, ही माल किंवा सेवा कोणाची आहे हे गिऱ्हाइकाला ओळखू यावे म्हणून वापरलेली खूण आहे : नाव, चित्र, अक्षरांची ठेवण, कधी नुसता रंगमेळही. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा असून २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा आहे आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. बोलण्यात या दोहोंची सर्रास गल्लत होते. ‘आम्ही नावाचा कॉपीराइट केलाय’ असे दुकानदार सांगतात, पण दुकानाच्या नावाला कॉपीराइट मिळतच नाही.

फरक समजून घ्यायला बाकरवडीचे एक पाकीट पुरते. पाकिटावरचे दुकानाचे नाव ट्रेडमार्क होऊ शकते. वेष्टनावरचे चित्र ही कलाकृती, म्हणून तिला कॉपीराइट आहे, आणि गिऱ्हाईक त्या चित्रावरून माल ओळखत असेल तर ते ट्रेडमार्कही ठरू शकते. आतल्या सारणाची कृती मात्र यांपैकी कशातच बसत नाही. पाककृती लिहिताना वापरलेल्या शब्दांना संरक्षण आहे, बाकरवडी करण्याच्या रीतीला नाही. वर्षानुवर्षे भट्टीवर काम केलेला कारागीर शेजारचा गाळा घेऊन तशीच बाकरवडी करू लागला, तर मालकाच्या हाती गुप्ततेचा करार असला तरच बहुधा काही उपाय उरतो.

कॉपीराइट आपोआप मिळतो. कथा कागदावर उतरली, चाल ध्वनिमुद्रित झाली की हक्क जन्माला आला. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करून ठेवावी, कारण कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. अर्ज ऑनलाइन होतो. कथा, कविता, नाटक यांसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते. हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून ते पाकीट न फोडता कपाटात ठेवण्याची रीत अजून काही लेखक पाळतात. त्या पाकिटाने नवा हक्क काही मिळत नाही, आणि तारखेचा पुरावा म्हणूनही ते दुबळेच आहे.

खरी भांडणे होतात ती हक्क कोणाचा यावर. दिवाळी अंकाला बाहेरून कथा देणारा लेखक मानधन घेतो. मानधन घेतले म्हणजे कॉपीराइट दिला, असे कायदा मानत नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो आणि त्या कागदावर देणाऱ्याची सही लागते. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे छापले की काम झाले, असे बरेच जण समजतात. त्या एका ओळीने लेखकाकडून काहीही हस्तांतरित होत नाही. मागे सही केलेला करार हवाच.

व्यावसायिकांची चूक नेमकी उलट बाजूने होते. समजा, नारायण पेठेतल्या एका डिझायनरने कोथरूडच्या बेकरीला लोगो करून दिला. बिलावर लिहिले, ‘लोगो डिझाइन, १ नग, रु. १५,०००’. बेकरीने पैसे चुकते केले, लोगो पाटीवर, खोक्यांवर, डिलिव्हरीच्या गाडीवर चढला. चार वर्षांनी बेकरी शाखा काढायला निघते, तेव्हा गुंतवणूकदाराचा वकील विचारतो, लोगोचा कॉपीराइट कोणाकडे? उत्तर बहुधा ‘डिझायनरकडे’ असेच येते. बेकरीला लोगो वापरण्याची मूक परवानगी होती, मालकी नव्हती. ‘या कलाकृतीचे सर्व हक्क सर्व देशांसाठी, संपूर्ण मुदतीसाठी बेकरीला हस्तांतरित केले आहेत’ एवढे एक वाक्य आणि त्याखाली डिझायनरची सही असती, तर हा प्रश्नच आला नसता. एवढा साधा कागद करायचे राहून जाते आणि त्यापायी चांगले संबंध तुटतात, याची मनापासून हळहळ वाटते.

फोटोचे गणित वेगळे आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. त्यामुळे लग्नाच्या अल्बममधले फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे असतील, तर फोटोग्राफरने तसे आधी लिहून घ्यावे. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम कंपनीचा होतो. कायदा संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृतीतच धरतो. तोच प्रोग्राम फ्रीलान्सरने लिहिला, तर तो लेखी हस्तांतर होईपर्यंत फ्रीलान्सरचा. हक्क विकले तरी दोन गोष्टी कर्त्याकडेच राहतात : कृतीवर आपले नाव असण्याचा आग्रह, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार.

नाटकवेड्या शहरात सवलतींचे कलम ठाऊक असायला हवे. शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी आपल्याच विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला लेखकाची परवानगी लागत नाही. हौशी संस्थेचा प्रयोग बिनतिकीट असेल तर तोही चालतो. तिकीट लावले की लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी हवी, आणि ती लेखी हवी. अभ्यासासाठी पुस्तकातली काही पाने झेरॉक्स करणेही कायद्याला मान्य आहे. अप्पा बळवंत चौकातून एक प्रत आणून सगळ्या वर्गाला अख्खे पुस्तक छापून विकणे, हा मात्र गुन्हा आहे.

कॉपीराइटची मुदत कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे असते. पूर्वी ही ५० होती, १९९२ मध्ये वाढवली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत टिकेल. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांना प्रसिद्धीपासून ६० वर्षे मिळतात.

ट्रेडमार्ककडे वळताना पुण्याची ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी आठवावीच लागते. दुसऱ्याने आपल्या नावावर माल खपवू नये, ही चिंता या पाटीत आहे, आणि कायदाही नेमक्या याच चिंतेसाठी आहे. नोंदणी नसली तरी नावलौकिक असलेल्या दुकानाला अशा नक्कलखोराविरुद्ध दावा लावता येतो. याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. त्यात लौकिक, गिऱ्हाइकाची फसगत आणि नुकसान हे सारे सिद्ध करत बसावे लागते. नोंदणी असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

शॉप अ‍ॅक्टचा दाखला, कंपनीची नोंद, वेबसाइटचे नाव यांतले काहीही ट्रेडमार्क नव्हे. पुणेकरांचा नोंदणीचा अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडे, जातो. ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये लागतात. वर्ग म्हणजे माल आणि सेवांच्या प्रकारांचे गट, ते एकूण ४५ आहेत. मसाले, मिठाई, बेकरीचा माल ३० व्या वर्गात येतो, तर उपाहारगृह ४३ व्या. पाकीटबंद फराळ विकून शिवाय बसायला टेबलेही मांडली असतील, तर दोन्ही वर्ग घ्यावेत. तपासणीनंतर चिन्ह रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापले जाते, त्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे कितीही वेळा नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्याआधीच वर्तुळातला आर (®), म्हणजे ‘नोंदणीकृत’ असल्याची खूण, लावणे बेकायदा आहे.

‘अस्सल पुणेरी मिसळ’ अशा नावाला सहसा नोंदणी मिळत नाही, कारण ते मालाचे वर्णन झाले आणि तसे म्हणण्याचा हक्क प्रत्येक मिसळवाल्याला आहे. आडनावांचा पेच आणखी अवघड आहे. इथली निम्मी जुनी दुकाने आडनावानेच ओळखली जातात. भाऊ वेगळे होतात तेव्हा वाटणीच्या कागदात गाळा, भट्टी, येणे-देणे सगळे असते, पाटीवरच्या नावाचे काय ही ओळ तेवढी नसते. प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला कायदा अडवत नाही, पण वडिलार्जित लौकिकाचा गैरफायदा घेण्यासाठी वापरले की तो प्रामाणिकपणा न्यायालयात तपासला जातो.

पहिला कोण, या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला खटला पुण्यातलाच. ‘बर्गर किंग’ हे नाव अमेरिकी कंपनीने भारतात १९७९ मध्येच नोंदवले, पण तिचे पहिले भारतीय उपाहारगृह उघडले २०१४ मध्ये. पुण्यातले त्याच नावाचे हॉटेल १९९२ च्या सुमारापासून चालू होते. कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलाला नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. नोंद आधीची असूनही वापर नंतरचा असेल तर गाठ किती घट्ट बसते, हे यातून दिसते.

उल्लंघन झाले तर मनाईहुकूम, नुकसानभरपाई आणि नकली माल जप्त करणे हे दिवाणी उपाय आहेत. फौजदारी बाजूने दोन्ही कायद्यांत सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. दाव्यासाठी दूर जावे लागेल म्हणून अनेक जण गप्प बसतात. पण कॉपीराइटच्या उल्लंघनाचा किंवा नोंदवलेल्या ट्रेडमार्कचा दावा फिर्यादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. सदाशिव पेठेत राहणाऱ्या लेखिकेची गोष्ट दिल्लीतल्या कोणी परवानगीवाचून छापली, तर तिला शिवाजीनगरच्या न्यायालयात दाद मागता येते.