वारस नोंद

वारस नोंद म्हणजे जमिनीचा खातेदार मयत झाल्यावर त्याच्या वारसांची नावं सातबाऱ्यावर लावून घ्यायची महसूल खात्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे चालते आणि कलम १४९ नुसार वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं (तलाठ्याचं पद २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात). प्रत्यक्षात कितीतरी उताऱ्यांवर आजोबा-पणजोबांचीच नावं असतात, जमीन नातवंडं कसतात आणि पीककर्ज लागेपर्यंत किंवा रस्त्यात जमीन जाऊन मोबदल्याची नोटीस येईपर्यंत कुणी तिकडे बघतच नाही. मग एका नावाच्या जागी वीस-पंचवीस वारस शोधायची वेळ येते, त्यातले काही मयत, काही मुंबईला, काहींचा पत्ताच नाही. यासाठीच सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, ती आधी बुलढाणा जिल्ह्यात झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर सुरू केली.

सगळ्याची सुरुवात मृत्यू दाखल्यापासून होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का हे तिथेच बघून घ्यावं, कारण एका वेलांटीपायी पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती सुरुवातीलाच काढून ठेवाव्यात, प्रत्येक जण एक मागतो.

अर्ज तलाठ्याकडे द्यायचा किंवा ई-हक्क पोर्टलवरून भरायचा, सोबत दाखला, सातबारा, आठ-अ (म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा खातेउतारा), वारसांचे आधार आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. तलाठी गावात चौकशी करून वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला नोंद घेतो, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद पडते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस थांबतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. हरकत आली तर ती तक्रार नोंद होते आणि तिची सुनावणी लागते. मंजुरीनंतर उताऱ्यावर मयताचं नाव कंसात जातं, म्हणजे रद्द होतं, खाली वारसांची नावं आणि बाजूला फेरफार नंबर येतो. वारस लहान असेल तर त्याच्या नावापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई असं लिहितात.

खरी गडबड होते ती नावं कोणाची द्यायची यात. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो (मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांना वेगळे कायदे). वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात २०२० ला स्पष्ट केलं. तरी बहिणींची लग्नं झालीत म्हणून त्यांची नावं यादीत येत नाहीत, म्हातारी आई तर सरळ विसरली जाते. पूर्वी थोरल्या भावाचं नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लावायचे आणि बाकीचे उताऱ्यावरून गायबच व्हायचे. वारस लपवून दिलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं, त्यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो.

बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर आधी तिचं नाव लागू द्यावं आणि मग रजिस्टर्ड हक्कसोड पत्र करावं, साध्या कागदावरच्या सहीला किंमत नाही. दहावं-तेराव्याच्या गर्दीत, पाहुण्यांसमोर तिच्याकडून कागदावर सह्या घेणं बरोबर नाही, दुःखात असलेलं माणूस वाचून सही करत नसतं.

वारस नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, ती महसुलापुरती असते, वाद झाला तर वाटा दिवाणी कोर्टच ठरवतं. म्हणजे नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही, पण नाव नसेल तर पाठीमागे व्यवहार होऊन जातात आणि कळतं तेव्हा कोर्टकचेरीशिवाय मार्ग उरत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्क या रकान्यात गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर तोही जमिनीबरोबर येतो, मात्र वारस मिळालेल्या मालमत्तेपुरताच देणेकरी असतो, स्वतःच्या पगारातून फेडायची सक्ती नाही.

बँकेचं काम वेगळं. तिथे नॉमिनीला पैसे मिळतात पण तो बाकी वारसांच्या वतीने ते सांभाळणारा असतो, मालक नव्हे. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे मयताची येणी वसूल करायचा अधिकार देणारा दाखला लागतो, शिवाय जुन्या मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनप्रमाणे वारस दाखलाही आपल्याकडे अजून काढतात. एटीएम कार्ड घरात आहे म्हणून मयताच्या खात्यातून पैसे काढू नयेत, त्यातूनच भावाभावांत संशय सुरू होतो. पासबुक मात्र नीट चाळावं: मे-जूनच्या सुमारास ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती किंवा सुरक्षा विमा असतो, दोन्हीत दोन लाखांचं कव्हर, दुसरा फक्त अपघाताचा, आणि घरच्यांना बऱ्याचदा त्याचा पत्ताच नसतो.

गोव्यात पद्धत निराळी आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे एकत्र धरतात, त्यामुळे नवरा गेला तर निम्मी आधीच बायकोची असते आणि वारसा फक्त उरलेल्या निम्म्याचा उघडतो. तिथे स्पेशल नोटरीसमोर वारसांचा दस्त करतात, वाटणी कोर्टातल्या इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटून द्यायच्या कामात होते.