नाव माहीत आहे, डोळे दिसत नाहीत

मुलुंड असो वा बोरिवली, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटायला फार काही लागत नाही. बी विंगसमोर कोणाची तरी गाडी आडवी लागलेली असते. कोणी रात्री साडेनऊला फोटो टाकतं आणि अकरापर्यंत विषय पार्किंगवरून एकमेकांच्या संस्कारांवर गेलेला असतो. हीच माणसं वार्षिक सभेतही तावातावाने बोलतात, पण इतकं लागेल असं नाही.

ऑनलाइन चर्चेत माणसं बेलगाम का होतात, असं विचारलं की ‘तिथे ओळख लपते’ हे उत्तर ठरलेलं असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या वागण्याची जी कारणं मांडली, त्यात निनावीपणा होताच. पण समोरच्याला आपण न दिसणं आणि त्याची प्रतिक्रिया त्या क्षणी अंगावर न येणं, हीसुद्धा होती. सोसायटीच्या ग्रुपवर तर नावापुढे फ्लॅट नंबर असतो आणि सकाळी लिफ्टमध्ये गाठ पडणार हेही ठाऊक असतं. तरी जीभ सुटतेच.

इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या नोआम लॅपिडॉट-लेफ्लर आणि अझी बराक यांचा २०१२ चा प्रयोग मला इथे सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी १४२ जणांच्या जोड्या लावल्या आणि एका पेचावर चॅटमधून तोडगा काढायला सांगितलं. काही जोड्यांना एकमेकांची ओळख होती, काहींना नव्हती. काही एकमेकांना दिसत होते, काही नव्हते. काहींची कॅमेऱ्यातून नजरानजर होत होती, काहींची नाही. शिवीगाळ आणि टोचून बोलणं वाढण्यामागे सर्वांत मोठा वाटा नजरानजर नसण्याचा निघाला. समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसला की आपण वाक्य अर्ध्यात सोडतो. ग्रुपवर तो चेहराच नसतो, म्हणून वाक्य पूर्ण होतं आणि वर दुसरंही येतं.

लिहिलेल्या मजकुरातून सूरही गळतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या २००५ च्या अभ्यासात, आपला उपरोध ईमेलमधून सुमारे ७८ टक्के वेळा कळेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा प्रमाण ७३ टक्के होतं. ‘वा, छान काम केलंत सेक्रेटरीसाहेब’ हे कौतुक की टोमणा, हे वाचणारा आपल्या त्या वेळच्या मूडवरून ठरवतो.

आणि मूड काय असतो? दीड तास लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाचा. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये काहींना सोपी, तर काहींना अवघड कोडी देऊन त्यांची मनःस्थिती बदलली आणि मग एका बातमीखाली मत लिहायला सांगितलं. मूड बरा आणि आधीच्या प्रतिक्रिया सभ्य असताना ३५ टक्के मतं खोडसाळ निघाली. मूड बिघडलेला आणि वरच्या प्रतिक्रियाही खवचट असताना ६८ टक्के. भांडखोर लोक मुळात वेगळ्या जातकुळीचे असतात, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही.

मुंबईत हा प्रश्न पार्किंगपुरता राहत नाही. पुनर्विकासासाठी २०१९ पासून किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ठराव सभेत होतो, पण शंका विचारणाऱ्याला गप्प करण्याचं काम बहुतेकदा त्याआधीच ग्रुपवर उरकलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रसिद्ध प्रयोगांत, रेघांची लांबी ओळखण्यासारख्या उघड गोष्टीतही माणसं मुद्दाम चूक सांगणाऱ्या एकमुखी बहुमतापुढे सुमारे एक तृतीयांश वेळा चुकीचं उत्तर देत. गटात बरोबर उत्तर देणारा एक जरी साथीदार मिळाला, तरी तो दबाव चौथाईवर येई. सी विंगच्या आजोबांनी बिल्डरच्या बँक गॅरंटीबद्दल विचारलं आणि त्याखाली आणखी एका सभासदाने ‘हे मलाही जाणून घ्यायचंय’ एवढं लिहिलं, की तिसऱ्याला आणि चौथ्याला विचारणं खूप सोपं जातं.