अद्भुतकथेतील कॅम्प आणि भांडवलशाही

मुद्दाम भडक, अतिरंजित आणि स्वतःचे नाटकीपण न लपवणाऱ्या अभिरुचीला समीक्षेत ‘कॅम्प’ म्हणतात. शिबिर किंवा छावणी या अर्थाच्या रूढ शब्दाशी तिचा संबंध नाही. अमेरिकी लेखिका सूझन सोन्टॅग यांनी १९६४ साली ५८ टिपणांच्या निबंधात या अभिरुचीची मांडणी केली. कॅम्पच्या नजरेला प्रत्येक वस्तू अवतरणचिन्हांत दिसते, दिवा हा दिवा न राहता ‘दिवा’ होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. कॅम्प अराजकीय असल्याचे त्यांचे मत मात्र पुढे वादग्रस्त ठरले आणि अभ्यासक मो मेयर यांनी १९९४ च्या संपादित ग्रंथात त्याला थेट विरोध केला.

अमेरिकी मार्क्सवादी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ च्या निबंधात उत्तर-आधुनिकतेला, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कला-संस्कृतीच्या प्रवृत्तीला, उत्तरकालीन भांडवलशाहीचे सांस्कृतिक तर्कशास्त्र मानले. या अवस्थेत विडंबनाची धार जाते आणि जुन्या शैलींची निर्विकार नक्कल, म्हणजे ‘पास्तिश’, उरते, असे ते म्हणतात. अद्भुतकथेच्या, म्हणजे फँटसीच्या, बाजाराला हे वर्णन चपखल लागू पडते. १९७७ मध्ये ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ या कादंबरीला मोठे यश मिळाल्यावर खेड्यातला पोरगा, गूढ वृद्ध मार्गदर्शक आणि जादूची तलवार हा साचा प्रकाशकांच्या दृष्टीने खात्रीचा माल ठरला.

पण साचा सर्वांना पाठ झाला की त्याच्याशी प्रेमाने खेळताही येते, आणि जेमसन यांची मांडणी इथे अपुरी वाटते. टेरी प्रॅचेट यांची ‘डिस्कवर्ल्ड’ मालिका (१९८३ पासून) हे याचे सर्वांत समृद्ध उदाहरण आहे. तिच्या पहिल्याच कादंबरीत एक भाबडा पर्यटक सोन्याच्या नाण्यांबरोबर विम्याची कल्पना घेऊन येतो आणि खानावळीचा मालक विम्याच्या पैशासाठी स्वतःचीच खानावळ पेटवतो. तिथे मंत्रतंत्राची कोणाला नवलाई नाही, सर्वांना चक्रावून टाकतो तो विमा. ‘गोइंग पोस्टल’मधला (२००४) भामटा मॉइस्ट फॉन लिपविग सोनेरी पोशाख आणि पंखांची टोपी घालून बुडीत टपालखाते सावरतो, त्याने काढलेली तिकिटे लोक पैशासारखी वापरू लागतात. ‘मेकिंग मनी’मध्ये (२००७) त्याच्या ताब्यात बँक येते, तिजोरीतले सोने नाहीसे झाल्याचे उघड होते, आणि अखेरीस नोटांना आधार मिळतो तो गोलेमांच्या, म्हणजे जादूने चालणाऱ्या मातीच्या पुतळ्यांच्या, श्रमशक्तीचा. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली सांगड तोडली, हे ठाऊक असलेल्या वाचकाला इथली बँक परकी वाटत नाही. चलन विश्वासावर चालते आणि विश्वास पोशाख, शिक्का, थाटमाट यांनी उभा राहतो, हे लिपविगच्या सोनेरी कोटातून दिसते. कॅम्पचा भडकपणा इथे अर्थव्यवस्थेचे वर्णनच करतो.

विज्ञानकथेचे समीक्षक डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये विज्ञानकथेला वरचे स्थान देताना अद्भुतकथेला जवळजवळ त्याज्य ठरवले होते. ‘हिस्टॉरिकल मटेरियलिझम’ या मार्क्सवादी नियतकालिकाने २००२ मध्ये ब्रिटिश अद्भुतकथाकार चायना मिएव्हिल यांच्या संपादनाखाली मार्क्सवाद आणि अद्भुतकथा या विषयावर चर्चा घडवली, तिथे या निवाड्याला विस्ताराने आव्हान मिळाले. भांडवलशाहीतले ‘वास्तव’च मुळात अद्भुताने भरलेले आहे, हा मिएव्हिल यांचा त्यातला मध्यवर्ती मुद्दा होता.