रॅम वाढवायची आहे? आधी स्टिक मोजा

"दोन स्टिक होत्या तेव्हा मशीन ६००० ला चालायचं. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या अजून दोन टाकल्या, तर आता डिस्प्लेच येत नाही." लग्नसराई सुरू झाली की व्हिडिओ एडिटिंगवाल्या ग्राहकांचे असे फोन सतत येतात. बहुतेक वेळा रॅम खराब नसते, मदरबोर्डही नसतो. चारही स्लॉट भरले, हेच कारण असतं.

६००० (मेगाट्रान्सफर दर सेकंदाला) च्या वेगाला डेटाच्या प्रत्येक रेषेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात, आणि तेवढ्यात सिग्नल मदरबोर्डवर जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पहिला बिट वाटेत असतानाच दुसरा निघालेला असतो. चारही स्लॉट भरले की एकाच रेषेवर दोन स्टिक बसतात, आणि प्रत्येक जोडापाशी सिग्नलचा थोडा भाग उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटात मिसळतो. मग शून्य कुठलं, एक कुठला, हे ओळखणं अवघड होतं. रायझन ७००० या आपल्या प्रोसेसरांसाठी एएमडीने स्वतःच दोन स्टिकना ५२००, तर चार स्टिकना ३६०० असा वेग दिला आहे. ६००० हा त्यापुढचा, एक्स्पो प्रोफाइलचा (रॅममध्येच साठवलेल्या, जादा वेगाच्या तयार सेटिंगचा) वेग.

दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर पुढची रेषा मोकळी लोंबकळत राहते आणि तिच्या टोकावरून सिग्नल परत येतो.

काही जण व्होल्टेज वाढवून बघतात. कृपया नको. डीडीआर५ (या वेगाच्या रॅमची पिढी) चं मूळ व्होल्टेज १.१ आहे, ६००० च्या किट (एकत्र विकलेले स्टिकचे संच) बहुधा १.३५ मागतात. वेग तोच ठेवला तरी एवढ्या फरकाने चिपमधला विजेचा खर्च जवळपास दीडपट होतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. शिवाय डीडीआर५ मध्ये वीज सांभाळणारी चिप स्टिकवरच असते. चार स्टिक चिकटून बसल्या की मधल्यांना वारा लागत नाही.

आणखी एक: नवी रॅम टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. बोर्ड त्या वेळात प्रत्येक रेषेची वेळ जुळवत असतो. पंधरा मिनिटं तरी थांबा, मध्येच स्विच बंद करू नका.

"रॅम टाकायला दोन मिनिटं लागतात, मशीन रात्रभर कशाला ठेवता?" असं विचारलं जातं. एखादा बिट तासाभराने चुकतो आणि अख्खी एक्सपोर्ट फाइल बिघडते, म्हणून मेमटेस्टचे (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे) फेरे पूर्ण झाल्याशिवाय आम्ही मशीन देत नाही. याचे वेगळे पैसे घेत नाही. चार स्टिक ६००० ला चालवून देण्याची हमी मात्र देत नाही.

६४ जीबी लागणार असेल तर ३२-३२ च्या दोन स्टिकची एकच किट घ्या. जुनी जोडी बिलासह आणा, तपासून तिची किंमत नव्या किटमधून वजा करू. येताना मदरबोर्डचं मॉडेल लिहून आणलंत तर योग्य किट लगेच सांगता येईल.