बहुघटक व्यायाम (वृद्ध स्त्रियांचा)

बहुघटक व्यायाम : बळ, तोल, दम आणि लवचिकता ही अंगे एकाच आखणीत गुंफणारी व्यायामपद्धती. उठणे, न्हाणे, नेसणे, बाजार आणणे ही कामे म्हातारपणीही कुणाच्या आधाराविना करता यावीत, हा तिचा हेतू. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात आणि स्नायूंचा साठा स्त्रियांत मुळातच कमी असतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तिचे मूळ बळवर्धनाच्या संशोधनात आहे. नव्वदीतल्या व्यक्तींनाही आठ आठवड्यांच्या सरावाने पायांत लक्षणीय बळ येते, असे १९९० साली अमेरिकेत दिसून आले. दुसरे मत ते मूळ वृद्धांच्या पडण्याला आळा घालणाऱ्या प्रयोगांत शोधते. न्यूझीलंडच्या ओटागो कार्यक्रमात पायांचे बळ, तोल आणि चालणे एकत्र होते व त्याची १९९७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ८० वर्षे आणि त्यावरील स्त्रियांवरच झाली. पहिल्या प्रयोगात मिश्रण नव्हतेच, हे ध्यानी घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढील सर्वांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळावर भर देणारा बहुघटक व्यायाम सुचवला.

ही अंगे एकदम वाढवावीत की कोणत्या क्रमाने, हा वाद जुना आहे. बळ आणि दम एकदमच वाढवू गेल्यास बळाची वाढ खुंटते, असे संशोधक हिक्सन यांनी १९८० मध्ये दाखवले. पण तो सराव फार जड होता. वृद्धांच्या बेताच्या सरावात ही अडचण सहसा जाणवत नाही. आधी बळाचे व्यायाम आणि मग चालणे, हा क्रम काही अभ्यासांत सरस ठरला, काहींत फरक आढळला नाही. ते अभ्यास मुख्यतः पुरुषांवरचे आहेत. पाय थकलेले नसताना तोलाचे व्यायाम करणे केव्हाही सुरक्षित.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउतारावर वसले आहे. तिथल्या रोजच्या चालण्यात दम आणि थोडे बळ येऊन जाते. तोल मात्र राहून जातो. शहराजवळच्या संगम माहुलीच्या नदीघाटावर हे दिसते. म्हातारी बाई एक हात गुडघ्यावर टेकते, दुसऱ्याने लुगडे सावरते आणि दोन्ही पाय एका पायरीवर आणल्याशिवाय पुढची पायरी धरत नाही. चढताना दम लागतो, भीती वाटते ती उतरताना. कारण मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला अंगाचा भार रोखावा लागतो. हात छातीशी घेऊन खुर्चीवर सावकाश बसणे हा त्याचाच सराव.

रूढ चाचण्यांत अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते मोजतात. आपल्याकडे निवडणटिपण, पूजा, पंगत भुईवर; म्हणून भुईवरून उठण्याचा सराव आखणीत असलाच पाहिजे. आधी भिंतीजवळ, पलंगाच्या कडेचा आधार घेऊन. मग एक गुडघा टेकून, दुसरे पाऊल पुढे रोवून.

झिम्म्यात दम आणि पावलांचा तोल दोन्ही लागतात. बसफुगडीने मात्र गुडघ्यांवर मोठा ताण येतो. दुखरे गुडघे व ठिसूळ हाडे असलेल्यांनी ती टाळावी.