सॅलडवरचं आंबटगोड: फेसलेल्या मोहरीपासून बाटलीपर्यंत

माझी भाची अंधेरीला नोकरी करते. दुपारच्या डब्यात सॅलड नेते. मागच्या रविवारी आली तेव्हा तिने पिशवीतून सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मावशी, हे घरी नाही का गं करता येणार? महिन्याला दोन बाटल्या संपतात."

चष्मा लावून मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. पाणी, साखर, तेल, व्हिनेगर, मोहरी, मीठ, झँथन गम. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे या बाटलीत तेलापेक्षा साखर जास्त होती. झँथन गम सोडला तर त्या यादीतलं एकही नाव मला परकं वाटलं नाही. आंबट, गोड, मोहरीचा झणका, थोडं मीठ. ही चव माझ्या आईच्या हातची होती, फक्त ती पाट्यावरून निघून फार लांबचा वळसा घेत बाटलीत येऊन बसली होती. तो वळसा भाचीला तोंडी सांगताना बराच अर्धवट राहिला, म्हणून इथे नीट मांडते.

सॅलड या शब्दाच्या पोटात मीठ आहे. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात, त्यावरून खारवलेल्या भाजीचं नाव पडलं. आपल्या कोशिंबिरीतही काकडीला मीठ लावून पाणी सोडू देणं हीच पहिली पायरी. तिथून पुढे युरोपने तेल आणि शिरका (म्हणजे व्हिनेगर) यांची जोडी धरली. १६९९ साली लंडनमध्ये जॉन इव्हलिन या गृहस्थांनी फक्त सॅलडवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, 'अ‍ॅसिटारिया'. नावातच शिरका आहे, कारण 'असिटम' म्हणजे शिरका. चांगलं तेल, शिरका, मीठ, मोहरी, उकडलेल्या अंड्याचा बलक, हे सगळं त्यात आहे. मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. इव्हलिन लिहितात की सॅलडमधून साखर आता जवळजवळ हद्दपार झाली आहे, कारण ती आंबटाची मजा मारते. म्हणजे त्याआधी इंग्रजांच्या सॅलडवर साखर पडत होती आणि सतराव्या शतकात ती गेली. पुढे फ्रेंच पद्धतीचं 'व्हिनेग्रेट' रूढ झालं: तीन भाग तेल, एक भाग शिरका, मीठ, मोहरी. त्यात गोडाला जागाच नाही. आंबटगोड ड्रेसिंगला आपण सरसकट 'युरोपियन' म्हणतो ते म्हणूनच अर्धंच खरं.

गोडाचा धागा धरायचा तर इराणकडे जावं लागतं. फारसीत 'सिरके' म्हणजे शिरका आणि 'अंगबीन' म्हणजे मध. दोन्ही मिळून 'सिकंजबीन'. मध (पुढे साखर) आणि शिरका एकत्र कढवून, पुदिना घालून केलेलं हे दाट सरबत. नवरोज या इराणी नववर्षानंतरच्या तेराव्या दिवशी इराणी कुटुंबं घराबाहेर, झाडाझुडपांत जाऊन बसतात आणि लेट्यूसची कोवळी पानं या सिकंजबीनमध्ये बुडवून खातात. पान हातात, वाटीत आंबटगोड. सॅलड ड्रेसिंग याहून निराळं काय असतं? ग्रीक वैद्यही मध आणि शिरक्याचं मिश्रण औषध म्हणून देत, ते त्याला 'ऑक्सिमेल' म्हणत. इराणी शब्द भारतात आला, त्यातला शिरका वाटेत गळला, त्याच्या जागी लिंबू आलं आणि आपली शिकंजी झाली. उन्हाळ्यात आपण शिकंजी मागवतो तेव्हा नावापुरता का होईना, तो मध आणि तो शिरका अजून त्यात असतो.

आपल्या बाजूनेही हे काही नवीन नव्हतं. सुश्रुताच्या ग्रंथात 'रागषाडव' नावाचा प्रकार आहे, फळांचा आंबटगोड, खारट-तिखट अवलेहासारखा. आणि महाराष्ट्राच्या पानात डाव्या बाजूला वाढतात ते पंचामृत: चिंच, गूळ, तिळाचं आणि दाण्याचं कूट, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप. देवापुढचं पंचामृत वेगळं, हे जेवणातलं. सणाच्या दिवशी आई ते इतकं दाट शिजवायची की चमच्यावरून सावकाश ओघळायचं, आणि आम्ही मुलं काकडीची चकती त्यात बुडवून खायचो. आई रागवायची, कारण पंचामृत पुरवून खायचं असतं. आज कळतं, इराणी पोरं लेट्यूस बुडवतात तेच आम्ही गिरगावात काकडीने करत होतो.

आता मुंबईकडे. या शहराच्या आसपास शिरका आला तो दोन वाटांनी. एक वाट पोर्तुगिजांची. १५३४ साली वसई त्यांच्या हाती गेली, त्याबरोबर सात बेटंही. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांना मिळेपर्यंत सव्वाशे वर्षं त्यांची सत्ता इथे होती, आणि वसईत तर त्याहून कितीतरी जास्त. मांस शिरक्यात आणि लसणीत मुरवायची त्यांची रीत इथल्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती) घरांत 'इंदियाल' नावाचं कालवण होऊन राहिली. दुसरी वाट पारशांची. नवसारीचा सरको, म्हणजे त्यांचा शिरका, उसाच्या रसापासून होतो, लाकडी पिंपांत मुरतो आणि रंगाने काळपट तांबडा असतो. पारशी लग्नातलं 'लगननुं अचार' म्हणजे गाजराचा कीस, सुका मेवा, साखर किंवा गूळ, आणि सरको. धनसाक या डाळ-मटणाच्या पारशी पदार्थाबरोबर कांद्याचं कचुंबर येतं त्यावरही सरक्याचे थेंब असतात. 'खाटुं-मीठुं' हा पारशी जिभेचा स्थायीभाव आहे. मुंबईत आंबटगोड सॅलडची परंपरा शोधायची असेल तर मी पहिलं बोट त्या कचुंबरावर ठेवीन.

मराठी हिंदू घरांनी मात्र शिरका फारसा घेतला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे याचं साधं कारण असं की आपल्याला आंबटाची ददातच नव्हती. चिंच होती, आमसूल होतं, कोकमाचं आगळ होतं, कैरी होती, लिंबू आणि दही तर रोजचंच. शिरका म्हणजे ताडी आंबवून केलेली वस्तू, असा सोवळ्याचा विचारही मागे असणार. या प्रत्येक आंबट वस्तूची आंबटाई निराळी. शिरक्यातलं अ‍ॅसेटिक आम्ल हवेत उडतं म्हणून नाकाला आधी लागतं. लिंबाचं सायट्रिक आम्ल स्वच्छ, पटकन येतं आणि पटकन जातं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल जिभेवर रेंगाळतं. म्हणूनच चिंचेला गूळ लागतो आणि लिंबाला चिमूटभर साखर पुरते. हे आपल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. चिंचेची कीर्तीही लांबवर गेली: अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्थानचा खजूर, म्हटलं आणि त्याचं इंग्रजीत टॅमरिंड झालं. ज्या वूस्टरशायर सॉसचे थेंब इंग्रज आपल्या जेवणावर आणि ड्रेसिंगमध्ये घालतात, त्यातही चिंच आहे.

मोहरीपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण घरच्या ड्रेसिंगचं सगळं मर्म तिच्यात आहे. आई केळ्याच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून घालायची. चमचाभर मोहरी पाट्यावर, वर दोन थेंब पाणी, आणि वरवंटा गोल गोल. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. मग पिवळट फेस येतो आणि एकदम वास चढतो. "चढली का?" आई विचारायची. आम्ही वाकून हुंगायचो आणि डोळ्यांत पाणी यायचं. चढली म्हणजे झालं. मग त्यात दही किंवा लिंबू, साखर, मीठ.

हा क्रम महत्त्वाचा आहे. मोहरीच्या दाण्यात झणका तयार नसतो. दाणा फुटून पाणी मिळालं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या घटकावर काम करतं आणि तेव्हा तो झोंबणारा पदार्थ बनतो. आंबट आधी घातलं तर विकराचं काम मंदावतं आणि मोहरी चढतच नाही. उलट ती चढल्यावर आंबट घातलं तर झणका टिकून राहतो. गरम पाण्याने तर विकर मरतंच. म्हणून गार पाणी, थोडा धीर, आणि नंतर लिंबू. फ्रान्समध्ये डिजॉन गावाची मोहरीची चटणी प्रसिद्ध आहे. १८५६ साली तिथल्या ज्याँ नेजोँ यांनी तिच्यात शिरक्याऐवजी कच्च्या द्राक्षांचा रस घातला आणि तिला आजची चव आली. कच्च्या द्राक्षांचा रस म्हणजे त्यांची कैरीच की.

मोहरी आणखी एक काम करते. तेल आणि आंबट पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, ढवळलं तरी थोड्या वेळाने वेगळे होतात. मोहरीच्या सालीतला चिकट अंश आणि तिचे बारीक कण तेलाच्या थेंबांभोवती बसतात आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. त्यामुळे मिश्रण दाट राहतं आणि पानाला धरून राहतं. आपल्या कोशिंबिरीत कच्चं तेल नाही, तेल येतं ते फोडणीतून. मग ती भाजीला धरते कशाने? दाण्याच्या कुटाने. कूट सुटलेलं पाणी शोषतं आणि स्वतःचं तेल सोडतं. मला ही युक्ती व्हिनेग्रेटच्या तोडीची वाटते आणि तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही, असं मनापासून वाटतं.

उरला प्रश्न कच्च्या पानांचा. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) आणि कोबी, बीट, लेट्यूस अशा 'इंग्रजी भाज्या' साहेबांच्या बंगल्यांसाठी तिथे मिळू लागल्या. चाळीतल्या घरांनी त्यातला कोबी आणि बीट उचललं, पण शिजवून किंवा कोशिंबिरीत. लेट्यूस तसंच राहिलं. या शहरात रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी सगळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे पालेभाजी कच्ची खायची नाही हा धाक रास्तच होता. हॉटेलातल्या सॅलडचा अर्थही कित्येक वर्षं कांदा-काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि लिंबाची फोड एवढाच होता. लग्नाच्या बुफेत मेयोनेजमधलं रशियन सॅलड दिसे, पण ते घरी कोणी करत नसे.

बाटल्या आल्या त्या उदारीकरणानंतर. १ एप्रिल २००१ ला आयातीवरची शेवटची संख्यात्मक बंधनं (किती माल आणायचा यावरची) उठली आणि ऑलिव्ह तेल, परदेशी सॉस, ड्रेसिंग मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर सहज दिसू लागलं. त्यातलं बरंचसं अमेरिकन वळणाचं होतं. इव्हलिनच्या काळात गेलेली साखर अमेरिकेच्या बाटलीत पुन्हा शिरली होती, कारण साखर आणि शिरका दोन्ही टिकवायला मदत करतात आणि गोड चव पटकन आवडते. तिथे 'फ्रेंच ड्रेसिंग' म्हणून जे विकतात ते नारिंगी, गोडसर, टोमॅटोच्या चवीचं असतं, फ्रेंच माणसाला ओळखू येणार नाही असं. १९५० पासून अमेरिकन सरकारने त्यात किमान ३५ टक्के तेल हवं असा नियम ठेवला होता, तो जानेवारी २०२२ मध्ये रद्द झाला. तेल कमी केलं की मिश्रण पातळ होतं, मग ते दाट दिसावं म्हणून झँथन गम येतो. तो जिवाणूंच्या मदतीने साखर आंबवून बनवतात. अपायकारक नाही, पण घरी त्याची गरज कशाला?

त्या रविवारी भाचीबरोबर केलं ते असं. दोन लहान चमचे मोहरी खलबत्त्यात कुटली, चमचाभर गार पाणी घालून फेसली, दहा मिनिटं झाकून ठेवली. दुसऱ्या वाटीत दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दीड मोठा चमचा किसलेला गूळ आणि पाव चमचा मीठ. गूळ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळलं, कारण तेल पडल्यावर गूळ आणि मीठ विरघळत नाहीत, तळाशी बसून राहतात. मोहरी त्यात घातली, मग चार मोठे चमचे घाण्याचं शेंगदाणा तेल, सगळं काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवलं. पिवळसर, दाट झालं. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घेतलं तर मीठ वगळायचं, आगळ खारटच असतं. गुळाऐवजी महाबळेश्वरचा मध चालतो, आमच्या लहानपणी तो फक्त खोकल्याला चाटवायचा म्हणून असायचा. शिरका हवा असेल तर पारशी दुकानातला सरको घ्यावा, आणि तोही दीडच चमचा, तो जोरकस असतो.

बरणी फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगली राहते. तेल वर आलं तर पुन्हा हलवायची. भाचीला मी एकच बजावलं: ड्रेसिंग वेगळ्या डबीत ने, खायच्या वेळी घाल, नाहीतर मीठ लागून काकडी दुपारपर्यंत पाणी सोडते. बुधवारी तिचा फोन आला. ऑफिसातल्या तिघींनी डबी पुसून खाल्ली होती आणि तिला मोहरी "चढवायची" कशी ते पुन्हा एकदा विचारायचं होतं.